माणूस पांढरा की आभाळ पांढरं? जुन्या नाशकातल्या फ्लॅशवाल्या काकांकडचा अनुभव

फ्लॅश दुरुस्तीच्या या दुकानाचं नाव लिहिणार नाही. काकांनीच हात जोडले, "नाव-नंबर कुठं टाकू नकोस रे बाबा, लग्नसराईत आधीच जेवायला वेळ मिळत नाही." तेव्हा पत्ता एवढाच: मेन रोडच्या मागं, दहीपुलाच्या अंगाला एक जुना वाडा, अंधारा लाकडी जिना, वर गेल्यावर उजव्या हाताची खोली. पाटी नाही. नाशकातल्या कुठल्याही लग्नाच्या फोटोग्राफरला 'फ्लॅशवाले काका' विचारा, तो तुम्हाला जिन्यापर्यंत आणून सोडेल.

मी सिडकोत राहतो, लग्नाचे फोटो काढायला लागून चौदा वर्षं झाली. निकॉन डी७५०, ८५ ची एफ १.८ लेन्स, लिथियम बॅटरीचा एक फ्लॅश आणि त्याला दुरून उडवणारा, कॅमेऱ्यावर बसणारा रेडिओ ट्रिगर, एवढ्यावर माझं घर चालतं. फ्लॅशच्या कंपनीचं नावही लिहीत नाही. पंधरा दिवस मी त्या कंपनीला मनातल्या मनात शिव्या घातल्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त माझ्याच खात्यात जमा व्हायच्या होत्या, हे नंतर कळलं.

झालं असं. फेब्रुवारीच्या शेवटी गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला प्री-वेडिंग होतं. दुपारचे साडेतीन, डोक्यावर स्वच्छ ऊन, मुलगी आकाशी साडीत. अपर्चर प्रायॉरिटीवर (लेन्सचं भोक मी ठरवायचं, शटरचा वेग कॅमेऱ्याने) एफ २.८, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, भाच्याच्या हातात स्टँडवर फ्लॅश. पहिला फोटो पाहिला तर मागचं पाणी आणि आभाळ धुतल्या धोतरासारखं पांढरं. फ्लॅश कमी केला. तसंच. पूर्ण ताकदीच्या १/६४ वर आणला. तसंच. चिडून ट्रिगर काढून खिशात टाकला आणि फोटो एकदम झक्क आला. मग कुणीही काढील तोच निष्कर्ष मी काढला, की फ्लॅश बिघडलाय.

त्या दिवशी उन्हात फ्लॅशशिवायच काम उरकलं. रात्री एका मित्राने फोनवर सांगितलं, "मेनूत ऑटो एफपी बघ." मी महिनाभरापूर्वी सगळी कस्टम सेटिंग्ज रिसेट केली होती, त्यात ते उडालं होतं. ऑटो एफपी म्हणजे निकॉनमधली हायस्पीड सिंकची सोय, वेगवान शटरलाही फ्लॅश चालू देणारी. पुन्हा चालू केलं. पुढच्या आठवड्यात दुसरं जोडपं, द्राक्षाच्या मळ्यात, सूर्य उतरताना. यावेळी आभाळ सुरेख केशरी आलं, पण जसजशी संध्याकाळ झाली तसतसे चेहरे ओव्हर, म्हणजे जास्त उजेडाने पांढरे, जायला लागले. शेवटच्या दहा मिनिटांतले फोटो म्हणजे नवरदेव नाही, ट्यूबलाइट उभी केलीय. त्यानंतर एका हळदीत फ्लॅश थेट कॅमेऱ्यावर लावून टीटीएलवर (उजेड किती टाकायचा ते कॅमेराच ठरवतो) ठेवला, तर दर सात-आठ फोटोंमागे एक फोटो विनाकारण पांढराफटक.

एका मोठ्या दुकानात दाखवला. काउंटरवरच्या मुलाने दोनदा टेस्ट मारली आणि सांगितलं, "ट्यूब गेलीये सर, ३,२०० होतील, आठ दिवस लागतील." मी पैसे भरायच्या बेतात होतो. भाचा म्हणाला, "मामा, एकदा काकांना दाखवू ना." त्या वाक्याने माझे ३,२०० वाचले.

काकांचं वय सत्तरीच्या आसपास. टेबलावर मल्टिमीटर, सोल्डरिंग गन, सुट्ट्या झालेल्या सहा-सात फ्लॅशचे सांगाडे आणि स्टीलच्या डब्यात पोहे. मी फ्लॅश पुढं केला. त्यांनी तो हातातही घेतला नाही.

"पांढरं काय झालंय? माणूस की आभाळ?"

मला प्रश्नच कळला नाही. म्हटलं, काका, फोटो ओव्हर येतोय.

"अरे, पण फोटोतलं काय ओव्हर येतंय? फ्लॅशचा उजेड आभाळापर्यंत पोचतो का? आभाळ पांढरं झालं तर त्यात फ्लॅशचा काय दोष?"

मग म्हणाले, ट्यूब गेली असं ज्याने सांगितलं त्याला विचार, ट्यूब गेल्यावर उजेड कमी पडेल की जास्त? मी गप्प. चौदा वर्षांत हा साधा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता.

लॅपटॉप सोबत होता म्हणून निभावलं. काकांनी तिन्ही कामांचे खराब फोटो उघडायला लावले आणि प्रत्येकाची शटरची नोंद वाचायला सांगितली. मी वाचत गेलो, ते लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहीत गेले. दहा मिनिटांत तीन ढीग झाले: आभाळ, चेहरा आणि 'भूत'.

पहिल्या ढिगात प्रत्येक फोटोला शटर १/२००. एकही अपवाद नाही. "हे बघ," काका म्हणाले, "भर उन्हात आयएसओ १०० ला एफ १६ आणि १/१०० हा आमच्या रोलच्या जमान्यातला हिशोब. तू एफ २.८ लावलंस म्हणजे पाच स्टॉप उघडलंस, एकेक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड. मग शटर १/३२०० पाहिजे. कॅमेऱ्याला वाटलं फ्लॅश लावलाय, हायस्पीड बंद आहे, म्हणून तो १/२०० च्या वर जायला तयार नाही. ३२०० चे २०० म्हणजे किती झाले? चार स्टॉप. सोळापट उजेड. आभाळ पांढरं होणार नाही तर काय काळं होणार?" ट्रिगर काढल्यावर फोटो का सुधारला, तेही मग लख्ख कळलं. फ्लॅश दिसेनासा झाला तसा कॅमेरा मोकळा झाला आणि शटर आपसूक १/३२०० ला गेलं. फ्लॅशचा काही संबंधच नव्हता. पॉवर कमी करत बसलो तो निव्वळ वेडेपणा.

कॅननवाल्यांनी एवढंच लक्षात ठेवा, की तिथं हायस्पीड बहुतेक वेळा फ्लॅशवर किंवा ट्रिगरवरच चालू करायचं असतं. एच आणि विजेचं चिन्ह दिसलं पाहिजे. निकॉनमध्ये कॅमेऱ्याच्या मेनूत, फ्लॅश सिंक स्पीडमध्ये, 'ऑटो एफपी' लिहिलेला पर्याय निवडायचा. आणि निकॉनच्या सुरुवातीच्या स्वस्त बॉड्यांमध्ये, म्हणजे डी३००० आणि डी५००० च्या घरात, ही सोयच नाही. तिथं शोधत बसू नका.

दुसरा ढीग म्हणजे चेहरा. खरी शिकवणी इथं झाली, आणि हा लेख लिहितोय तोही त्याच्याचसाठी.

मळ्यात मी मॅन्युअलवर होतो. फ्लॅशही मॅन्युअल, १/२ पॉवर, अंतर तेच, अपर्चर तेच. ऊन कमी होत गेलं तसं मागचं आभाळ टिकवायला मी फक्त शटर खाली आणत गेलो. १/१६००, १/८००, १/४००, शेवटी १/२००. माझ्या डोक्यात पहिल्या दिवसापासून कोरलेला नियम होता: शटर आभाळाचं, अपर्चर फ्लॅशचं. शटर बदललं तर फ्लॅशच्या उजेडाला फरक पडत नाही. काका म्हणाले, नियम बरोबर आहे, पण १/२०० पर्यंतच.

मग त्यांनी दोन लग्नपत्रिका घेतल्या आणि भिंतीवरच्या ट्यूबलाइटसमोर धरल्या. "हे शटरचे दोन पडदे. कमी शटरला पहिला पडदा पूर्ण उघडतो, सगळा सेन्सर उघडा पडतो, तेवढ्यात फ्लॅश एकदा चमकतो, मग दुसरा पडदा मिटतो. फ्लॅश डोळ्याची पापणी लवायच्या आत विझतो, त्यामुळं पडदे त्यानंतर किती वेळ उघडे राहिले याचं त्याला काही नाही. आता शटर वाढव." त्यांनी एक पत्रिका सरकवली आणि तिच्या मागोमाग, बोटभर अंतर ठेवून, दुसरी. "पहिला पोचायच्या आधीच दुसरा निघाला. मधे राहिली नुसती फट. ही फट सेन्सरवरून सरकत जाते. एकदाच चमकलास तर फटीपुरता फोटो येईल, बाकी काळा पट्टा. म्हणून हायस्पीडमध्ये फ्लॅश एकदा चमकत नाही, फट इकडून तिकडं जाईपर्यंत भराभरा ठिणग्याठिणग्यांनी पेटता राहतो. म्हणजे तो फ्लॅश उरलाच नाही, बल्ब झाला. आणि बल्बच्या उजेडात फोटो काढताना शटर कमी केलंस तर काय होतं?"

ओव्हर जातो.

"मग?"

मला त्या पत्रिकांमधली फट अजून दिसते. १/१६०० ला ती केसाएवढी, १/४०० ला चौपट रुंद. १/१६०० वरून १/४०० वर आलो म्हणजे आभाळाला दोन स्टॉप दिले आणि चेहऱ्यालाही दोन स्टॉप दिले. आभाळाला ते हवेच होते, सूर्य उतरत होता. चेहऱ्याला नको होते, कारण फ्लॅश काही उतरत नव्हता.

एवढ्यावर भागलं नाही. शेवटचा टप्पा म्हणजे खरा बॉम्ब. १/२५० ला फ्लॅश हायस्पीडमध्ये, ठिणग्याठिणग्यांनी. १/२०० ला आलो की ऑटो एफपी आपोआप सुटतं आणि फ्लॅश पुन्हा एका दमात सगळी ताकद फेकतो. हायस्पीडमध्ये उजेडाचा बराचसा भाग पडद्यावर आपटून वाया जातो, तो इथं पूर्ण सेन्सरला मिळतो. शटरच्या चाकाचा एकच खटका, आणि चेहऱ्यावरचा उजेड उडी मारतो. काकांनी तिथंच भिंतीला पाठ लावून भाच्याला उभं केलं आणि मला करून बघायला लावलं: १/२५० ला एफ ४ ला चेहरा बरोबर, १/२०० ला त्याच पॉवरवर तोच चेहरा बरोबर आणायला मला एफ ८ पर्यंत जावं लागलं. दोन स्टॉप. तुमच्या फ्लॅशवर हा आकडा थोडा वेगळा येईल, पण उडी असणारच. घरी एकदा भिंतीसमोर करून बघा आणि ट्रिगरच्या मागं चिकटपट्टीवर लिहून ठेवा. मी लिहिलंय.

उपाय दोन. एक, शटर खाली आणाल तेवढी फ्लॅशची पॉवर खाली आणायची: शटर एक स्टॉप, पॉवर एक स्टॉप, आणि सीमा ओलांडताना आणखी दोन. दुसरा म्हणजे फ्लॅश टीटीएलवर टाकायचा, तो शटर बघून हिशोब स्वतः करतो. काकांना दुसरा फारसा पसंत नाही. "काळा सूट आणि काळा मागचा पडदा आला की टीटीएल घाबरतो आणि तोंड उजळवून टाकतो." माझं मत उलटं. सूर्य बुडताना दर दोन मिनिटांनी उजेड बदलतो, त्यात हिशोब करत बसण्यापेक्षा टीटीएल लावून उणे ०.७ स्टॉप ठेवलेलं बरं. काकांनी यावर नाक मुरडलं. चालायचंच.

काकांचा तिसरा सल्ला मात्र मी लगेच मानला: लेन्सवर चार स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड अडवणारी काळसर काच) लाव आणि हायस्पीडच्या भानगडीत पडूच नकोस. उन्हात एफ २.८ ला १/२०० वरच राहशील, फ्लॅशही पूर्ण ताकदीने आणि न तापता काम करील. माझा फ्लॅश हायस्पीडला सलग चाळीसेक वेळा मारला की थर्मामीटरचं चिन्ह दाखवून बसतो, तेव्हा हे पटायला वेळ लागला नाही. तोटा एवढाच की व्ह्यूफाइंडर काळोखा होतो.

आता भूत. तिसऱ्या ढिगात सेटिंग तेच, माणूस तोच, एक फोटो चांगला, पुढचा कोरा. इथं काकांनी पहिल्यांदा फ्लॅश हातात घेतला. मॅन्युअल १/१ वर ठेवून छताच्या पंख्याकडे मारला आणि कानाशी धरला. चार्जिंगची बारीक शिट्टी दोन-अडीच सेकंद वाजली. मग १/१२८ वर मारला. टिचकीएवढा उजेड, शिट्टी नाही, लगेच तयार. "आयजीबीटी शाबूत आहे," म्हणाले. हा भाग म्हणजे फ्लॅशचा नळ. टीटीएल किंवा कमी पॉवरला तोच मधेच उजेड तोडतो. तो शॉर्ट झाला की नळ कायमचा उघडा, मग १/१२८ लावा नाहीतर १/१, प्रत्येक वेळी सगळी टाकी रिकामी होते आणि प्रत्येक वेळी तेवढीच शिट्टी वाजते. तुमच्या फ्लॅशची ही तपासणी पंधरा सेकंदांची आहे. दुकानात जायच्या आधी घरी करा.

माझ्या फ्लॅशचा नळ चांगला होता. मग काकांनी डोळ्याला भिंग लावून फ्लॅशचा पाय बघितला. कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून पिनांवर फिरवली आणि माझ्यापुढं धरली. काडी पिवळीजर्द.

हळद.

हळदीच्या कार्यक्रमात बरबटलेल्या हातांनी फ्लॅश काढला-घातला असणार. मधली मोठी पिन ठीक होती, म्हणून फ्लॅश उडत होता. बाजूच्या बारीक पिनांपैकी एक हळद-तेलाने चिकटून आतच बसली होती. ती कधी टेकायची, कधी नाही. टेकली की टीटीएलचं बोलणं नीट व्हायचं. नाही टेकली की कॅमेऱ्याचा 'एवढंच मार' हा निरोप पोचायचाच नाही आणि फ्लॅश आपला मोकळा सुटायचा. कॅमेऱ्याच्या हॉटशूमध्येही, म्हणजे फ्लॅश बसतो त्या खाचेत, हळदीची रेघ निघाली. तिथं काकांनी शाळेतला पांढरा खोडरबर फिरवला, फुंकर मारली, पुन्हा आयसोप्रोपिल. पिन सुईच्या टोकाने दहा-बारा वेळा दाबून मोकळी केली. त्यांनी फ्लॅश उघडलाच नाही. "उघडायची वेळ आली तरी तू उघडू नकोस. बॅटरी काढली तरी आत कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट बसलेले असतात," हे सांगून उजव्या हाताचा अंगठा दाखवला. टोकाला जुना काळा डाग आहे.

जाता जाता त्यांनी कॅमेऱ्यात आणखी दोन गोष्टी पकडल्या. मॅन्युअलमध्ये ऑटो आयएसओ चालू राहिलं होतं, त्याने भुतांपैकी दोन फोटोंत १०० चे ८०० केले होते. आणि एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची सोय) बॅकलाइटसाठी म्हणून अधिक ०.७ वर तसंच. निकॉनमध्ये ते फ्लॅशलाही लागतं आणि फ्लॅशवरच्या कॉम्पेन्सेशनमध्ये मिळवलं जातं. डी७५० च्या मेनूत ते फक्त मागच्या दृश्यापुरतं ठेवायचा पर्याय आहे, तो मी आता घेतलाय.

बिल किती? २५० रुपये. आणि वर एक कप चहा, तोही काकूंच्या हातचा.

आता तक्रारी, कारण नुसती आरती ओवाळली तर कुणी विश्वास ठेवणार नाही. काका फोन उचलत नाहीत. म्हणजे नाहीच. सकाळी अकराच्या आत आणि दुपारी दोन ते पाच जाऊ नका, दार बंद असतं. छापील बिल मिळत नाही, ज्यांना हिशोबाला कागद लागतो त्यांची पंचाईत. दिलेली तारीख पाळत नाहीत: माझ्या एका मित्राचा स्ट्रोब (स्टुडिओचा मोठा फ्लॅश) तीन दिवसांत देतो म्हणाले, अकराव्या दिवशी दिला. पाण्यात पडलेला फ्लॅश घेत नाहीत, वॉरंटीतला असेल तर उघडायला नकार देऊन कंपनीच्या सर्व्हिसला पाठवतात (हे खरं तर चांगलंच आहे). गाडी आत नेऊ नका, बोळात वळायला जागा नाही, शालिमारला कुठंतरी लावा आणि चालत या. जिना चढताना डोकं सांभाळा, मी दोन्ही वेळा आपटलं. आणि बोलणी खायची तयारी ठेवा. माझ्यासमोर एका मुलाला ते म्हणाले, "तू फ्लॅश आणलायस की नारळ? आपटतोस किती!"

तक्रार घेऊन जाल तेव्हा फक्त फ्लॅश नेऊ नका. कॅमेरा, ट्रिगर आणि बिघडलेले मूळ फोटो न्या. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोंतून शटर-आयएसओच्या नोंदी पुसल्या जातात, काकांना ते चालत नाहीत. मोबाइलवर दाखवलं तर हात झटकतात.

त्यानंतर आली रंगपंचमी. नाशिककरांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी: आमच्याकडं होळीनंतर पाचव्या दिवशी पेशवाईच्या काळातल्या रहाडी उघडतात, जमिनीतले दगडी हौद, रंगीत पाण्याने भरलेले. वरून उडी मारायची, तिला धप्पा म्हणतात. मी तिवंधा चौकातल्या रहाडीला गेलो. फ्लॅश दुधाच्या पिशवीत गुंडाळून, वर रबरबँड. चौकात सावली, मागं उन्हाची भिंत. १/१६००, एफ ४, हायस्पीड, टीटीएल उणे ०.७. पाण्याचा थेंब न् थेंब हवेत गोठला. साठेक फोटो, ओव्हर एकही नाही. एकात धप्पा मारणारा पोरगा पाण्याच्या वीतभर वर आहे, डोळे घट्ट मिटलेले, आणि खालून पिवळ्या पाण्याची भिंत उठतेय.

त्याची आठ बाय बारा इंचाची प्रिंट काढून काकांना नेऊन दिली. चष्मा वर करून खिडकीजवळ नेली, बराच वेळ बघितली.

"चेहरा बरोबर आहे. भिंतही बरोबर आहे. पण पिवळा जरा जास्त गेलाय, व्हाइट बॅलन्स बघ."

"काका, तो तिवंध्याचाच पिवळा आहे."

"हं," म्हणाले, आणि कापसाच्या काड्यांच्या डब्यामागं भिंतीला टेकवून ठेवली.